टेबल वर जाते, माणसे बसूनच राहतात

वाचकाचे पत्र :

आमचे कार्यालय मुंबईत लोअर परळला आहे. मूळ कंपनी डेन्मार्कची असल्यामुळे तिच्या धोरणानुसार गेल्या वर्षी आमच्या एका मजल्यावरची सगळी टेबले बदलून विजेवर वर-खाली होणारी, म्हणजे ज्यांना सगळे ‘स्टँडिंग डेस्क’ म्हणतात ती, बसवण्यात आली. पहिले काही दिवस सगळे हौसेने उभे राहत होते. आता मजल्यावर नजर टाकली तर दोन-चार माणसे उभी दिसतात. बाकीची टेबले जुन्या टेबलांसारखी एकाच उंचीवर थांबलेली आहेत. वापर इतका कमी का, अशी विचारणा कोपनहेगनहून झाली आहे. आमच्या डायरेक्टरांचे म्हणणे असे की लोकांना शिस्त नाही. रोज दोन तास उभे राहण्याचा नियम काढावा आणि कोण किती वेळ उभे राहतो याचा अहवाल टेबलाच्या ॲपमधून मागवावा. मला हे पटत नाही, पण त्यांना काय उत्तर द्यावे ते सुचत नाही. दुसऱ्या मजल्यासाठी अशीच टेबले घ्यायची की नाही, हेही येत्या तिमाहीत ठरवायचे आहे. कृपया मार्गदर्शन करावे.
– ॲडमिन विभागप्रमुख, लोअर परळ

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

नियम काढू नये, आणि व्यक्तिनिहाय अहवाल तर मुळीच मागवू नये, हे माझे मत आधीच सांगून टाकतो. त्यामागची कारणे थोडी विस्ताराने लिहितो, कारण ती आपल्याला वरच्यांपुढे मांडायची आहेत.

डायरेक्टरांनी ‘शिस्त नाही’ असे म्हटले आहे. त्यांना प्रथम हे सांगावे की जे लोअर परळला घडले तेच युरोपातही घडलेले आहे, आणि तेही जिथे अशी टेबले आपल्या आधी कितीतरी वर्षे आली त्या देशांत. स्वीडनमधील चार कंपन्यांत झालेला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. उंची बदलता येणारे टेबल मिळालेल्या कर्मचाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण ती सोय महिन्यातून एकदा किंवा त्याहूनही कमी वेळा वापरत होते, असे त्यात आढळले. नेदरलँड्समधील एका मोठ्या निमसरकारी संस्थेत, जिथे ही टेबले लोकांच्या चांगली अंगवळणी पडायला हवी होती, हजाराहून अधिक कर्मचाऱ्यांना विचारून २०१८ साली जे चित्र समोर आले, त्यात ढोबळमानाने एक तृतीयांश लोक टेबल कधीच वर घेत नव्हते, एक तृतीयांश आठवड्या-महिन्यातून कधीतरी घेत होते आणि उरलेले एक तृतीयांश रोज वापरत होते. तेव्हा ‘आपली माणसेच अशी’ हा निष्कर्ष इथे टिकत नाही. टेबल आणून ठेवले की माणूस उभा राहील, ही अपेक्षाच मुळात चुकीची आहे.

याचा अर्थ पैसे वाया गेले असाही घेऊ नये. इंग्लंडमध्ये स्थानिक नगरपरिषदांच्या कार्यालयांतील ७५६ कर्मचाऱ्यांवर एक प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. एका गटाला बसणे कमी करण्याबद्दलचे प्रशिक्षण, गटचर्चा, आठवण करून देण्याची साधने असे सगळे दिले, पण टेबल दिले नाही. दुसऱ्या गटाला हे सगळे देऊन वर टेबलही दिले. तिसरा गट होता तसाच ठेवला. वर्षअखेरीस या तिसऱ्या गटाच्या तुलनेत पहिल्या गटाचे बसणे दिवसाला सुमारे २२ मिनिटांनी कमी झाले, तर टेबल मिळालेल्या गटाचे सुमारे ६४ मिनिटांनी. म्हणजे नुसत्या उपदेशापेक्षा टेबल कितीतरी अधिक काम करते. मात्र हे यश मिळाले तेव्हा टेबलासोबत माणसांशी बोलणे, शिकवणे, विचारपूस करणे हेही वर्षभर चालू होते, हे विसरता येत नाही. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात २३१ कर्मचाऱ्यांवर झालेल्या अशाच एका प्रयोगात तीन महिन्यांनी आठ तासांच्या दिवसामागे सुमारे ९९ मिनिटांची घट दिसली होती, ती वर्षाने ४५ मिनिटांवर आली. सुरुवातीचा उत्साह ओसरणे हे त्यामुळे अपयशाचे लक्षण मानू नये. किती ओसरू द्यायचा, एवढेच आपल्या हातात असते, आणि ते नोटिशीने साधत नाही.

ते कशाने साधते, हे शोधण्यासाठी माझी आपल्याला पहिली विनंती अशी आहे की कार्यालय सुटल्यावर, मजला रिकामा असताना, एक टॉर्च घेऊन टेबलांच्या खाली पाहावे. प्रत्येक टेबलाचे बटण दाबून ते उभे राहण्याच्या उंचीपर्यंत न्यावे आणि काय होते ते बघावे. अशा कार्यालयांत मला हमखास दिसणारी दृश्ये आपल्यालाही दिसतील. मॉनिटरची वायर जमिनीवरच्या सॉकेटपर्यंत जेमतेम पुरते आणि टेबल हातभर वर गेले की ताणली जाते. लॅपटॉपचा चार्जर निघून खाली लोंबतो. एक्स्टेंशन बोर्ड टेबलाऐवजी जमिनीवर पडलेला असतो. टेबलाच्या हुकाला अडकवलेली डब्याची पिशवी शेजारच्या ड्रॉवर युनिटच्या कडेला अडकते. वर पाण्याची बाटली, मनी प्लांटची बरणी, फायलींची चळत आणि मॉनिटरला टेकवलेला छोटासा गणपती असतो, आणि टेबल हलू लागले की हे सगळे किंचित डुगडुगते. ज्या माणसाची मूर्ती एकदा आडवी झाली किंवा चालू कॉलमध्ये ज्याचा स्क्रीन बंद पडला, तो पुन्हा त्या बटणाला हात लावणार नाही, आणि त्याबद्दल कुणाकडे तक्रारही करणार नाही. ‘मला बसूनच बरे वाटते’ असे तो आपल्याला सांगेल. सर्वेक्षणात हे उत्तर आवड म्हणून नोंदले जाते. प्रत्यक्षात ते दीड मीटर वायरीच्या अभावाचे उत्तर असते.

आता त्या बटणाकडे यावे. हाताने हँडल फिरवून वर-खाली करायच्या टेबलांपेक्षा विजेवरची टेबले अधिक वापरली जातात, यात नवल नाही. पण विजेच्या टेबलातही फरक आहे. ज्यात आपली बसण्याची आणि उभे राहण्याची उंची साठवून ठेवता येते, ते एका स्पर्शात जागेवर जाऊन थांबते. ज्यात ती सोय नाही, किंवा असूनही कुणी साठवून दिलेली नाही, त्यात बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे लागते आणि मग थोडे वर, थोडे खाली असे करत बसावे लागते. दहा सेकंद म्हणजे काही मोठा काळ नव्हे, परंतु कामात गढलेल्या माणसाला तो पुरेसा मोठा अडथळा वाटतो. त्यातच, वीज जाऊन आली की यांतील अनेक टेबलांच्या पट्टीवर काहीतरी सांकेतिक अक्षरे दिसू लागतात आणि टेबल हलेनासे होते. बहुतेक बनावटींत खाली जाण्याचे बटण दाबून टेबल अगदी तळापर्यंत नेऊन काही क्षण धरून ठेवले की ते पूर्ववत होते. पण हे कुणाला सांगितलेले नसते. मान्सूनच्या दिवसांत वीज दोन-तीनदा गेली की मजल्यावरची काही टेबले ‘बिघडलेली’ म्हणून कायमची बसतात. हे रीसेट करण्याची पद्धत आपल्या बनावटीच्या माहितीपत्रकात पाहून ती मराठी, हिंदी आणि इंग्रजीत एका छोट्या स्टिकरवर छापून प्रत्येक टेबलाच्या कडेला चिकटवली, तर हा प्रश्न त्याच दिवशी सुटेल.

उंचीचा मुद्दा त्याहून गंभीर आहे आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. उभे राहून काम करताना टेबलाचा पृष्ठभाग साधारण कोपराच्या उंचीवर हवा, खांदे सैल हवेत आणि मॉनिटरची वरची कडा डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली हवी. ज्यांनी नुसता लॅपटॉप टेबलावर ठेवून टेबल वर नेले, त्यांची मान बसताना जितकी वाकते तितकीच उभ्यानेही वाकते. मग मान दुखते आणि दोष उभे राहण्याला दिला जातो. पाच फूट उंचीच्या स्त्रीचे कोपर उभ्याने जमिनीपासून साधारण ९५ ते ९७ सेंटिमीटरवर येते, तर पावणेसहा फुटी पुरुषाचे ११० सेंटिमीटरच्या आसपास. शेजारच्याने केली तेवढीच उंची आपणही करायची, हा प्रकार इथे चालत नाही. आणि खरी अडचण तर बसण्याच्या उंचीची आहे. अनेक स्वस्त चौकटी ७० ते ७२ सेंटिमीटरच्या खाली जातच नाहीत. भारतीय स्त्रियांची सरासरी उंची पाच फुटांच्या आसपास आहे, आणि या उंचीच्या व्यक्तीचे पाय जमिनीला नीट टेकलेले असताना तिचे कोपर त्यापेक्षा बरेच खाली असते. म्हणजे टेबल खाली नेऊनही तिला खुर्ची वर घ्यावी लागते आणि पाय लोंबकळत ठेवावे लागतात. टेबल वर जाते याचे कौतुक सगळे करतात, पण निम्म्या कर्मचाऱ्यांना त्याचे खाली जाणेच अधिक उपयोगाचे ठरले असते, हे खरेदीच्या वेळी कुणाच्या ध्यानात येत नाही.

जमीन आणि पायताण यांबद्दल थोडक्यात. व्हिट्रिफाइड टाइल्सवर कडक तळव्याचे लेदर शूज किंवा टाचेच्या चपला घालून अर्धा तास उभे राहून पाहावे. प्रश्न आपोआप समजेल. पायाखाली घालायची जाड, मऊ रबरी मॅट ही टेबलाच्या मानाने किरकोळ खर्चाची वस्तू आहे, आणि टेबलाखाली घरून आणलेले मऊ बूट ठेवण्यास व वापरण्यास ड्रेस कोडमध्ये मुभा दिली तर त्याला काहीच खर्च येत नाही.

यानंतरचे कारण मात्र वायरीसारखे मोजता येत नाही. आपल्या कार्यालयातील पार्टिशने साधारण छातीच्या उंचीची असतील, असे मी गृहीत धरतो. अशा मजल्यावर सगळे बसलेले असताना एकजण उभा राहिला की तो सगळ्यांना दिसतो आणि त्याला सगळे दिसतात. त्याचा स्क्रीन मागून जाणाऱ्या प्रत्येकाला वाचता येतो. समोर बसलेल्याला वाटते, हा आपल्यावर लक्ष ठेवून आहे. मागून कुणीतरी ‘काय, पाठ धरली का?’ असे विचारतो, दुसरा ‘आज बाकावर उभे केले वाटते’ म्हणतो. हा विनोद आपल्याकडेच होऊ शकतो, कारण उभे राहणे ही शाळेतली शिक्षा असते, साहेब आत आले की उठून उभे राहायचे असते, आणि साहेबाच्या टेबलासमोर ‘बसा’ म्हणेपर्यंत उभे असायचे असते. नोकरीत खुर्ची मिळणे म्हणजे पद मिळणे. केरळमध्ये कापडाच्या दुकानांतील विक्रेत्या स्त्रियांना दिवसभरात बसण्याची मुभा मिळावी म्हणून आंदोलने करावी लागली आणि २०१८ साली त्यासाठी दुकाने व आस्थापनांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. तामिळनाडूने २०२१ साली तसाच बदल केला. उभ्याने काम करणाऱ्या कामगारांना संधी मिळेल तेव्हा बसता यावे, अशी तरतूद तर आपल्या १९४८च्या कारखाने अधिनियमातही होती. ज्या समाजात बसणे हा हक्क म्हणून मिळवावा लागला, तिथे ‘रोज दोन तास उभे राहा’ असा वरून आलेला हुकूम आरोग्याचा सल्ला म्हणून ऐकला जाणार नाही. डायरेक्टरांना हे जरूर सांगावे.

स्त्री कर्मचाऱ्यांच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे. संपूर्ण मजल्याच्या नजरेसमोर पाऊण तास उभे राहणे अनेकींना नकोसे वाटते आणि ते त्या बोलून दाखवणार नाहीत. ज्यांची टेबले जाण्यायेण्याच्या मुख्य वाटेला लागून आहेत त्या बसूनच राहतात आणि ज्यांची भिंतीकडे किंवा खिडकीकडे आहेत त्या अधिक वेळा उभ्या राहतात का, एवढे निरीक्षण आपण नकळत करून पाहावे. तसे आढळल्यास टेबलांची दिशा बदलणे, पाठीमागे एक उंच पडदा किंवा कुंड्यांची रांग ठेवणे, स्क्रीनवर बाजूने न दिसणारी फिल्म लावणे, असे साधे उपाय आहेत. एखाद्या कोपऱ्यात चार-पाच टेबले ‘उभ्याची’ म्हणून एकत्र केली तर उभे राहणारा एकटा पडत नाही. उभे राहण्याच्या बाबतीत सोबत ही फार मोठी गोष्ट आहे.

आणि लोकल. आपल्याकडे विरार, बदलापूर, पनवेलहून येणारी माणसे असतीलच. सकाळी सव्वा तास लोकलमध्ये एका पायावर उभे राहून आलेला माणूस साडेनऊ वाजता खुर्ची शोधतो, यात आळस कसला? त्याला सकाळी उभे राहा म्हणणे हा विनोद ठरेल. त्याच माणसाला दुपारी डबा खाल्ल्यानंतर, दोन-अडीचच्या सुमारास डोळे जड होऊ लागतात तेव्हा, टेबल वर घेण्याचे सुचवले तर तो ऐकतो. कोपनहेगनचा कर्मचारी बहुधा सायकलने येतो आणि आपला कर्मचारी उभ्याने प्रवास करून येतो, हा फरक मूळ कंपनीच्या धोरणात कुठे धरलेला नसणार.

कामाच्या स्वरूपानुसारही फरक पडतो. फोनवर बोलणे, ईमेल चाळणे, ऑनलाइन प्रशिक्षण ऐकणे, कुणाला काही समजावून सांगणे ही कामे उभ्याने सहज होतात. ताळेबंद जुळवणे, करारनाम्याचा मसुदा करणे, दोन मॉनिटरवर आकडे ताडून पाहणे अशा कामांना बहुतेकांना बसावेसे वाटते. म्हणून घड्याळाप्रमाणे उभे राहण्यापेक्षा कामाप्रमाणे उभे राहणे अधिक टिकते. तासातासाला वाजणारी आठवण पहिल्या आठवड्यात उपयोगी पडते आणि मग ती न वाचताच बंद केली जाते. पण ‘फोन आला की टेबल वर’ अशी सांगड घातली, तर फोनच आठवण करून देतो. आपल्याकडे रोज सकाळी ‘स्टँड-अप’ नावाची बैठक होत असेल, तर ती खरोखर उभ्याने घेतली जाते का, हेही एकदा पाहावे. माझ्या पाहण्यात तरी नाव उभ्याचे आणि सगळे बसलेले, असाच प्रकार अधिक आहे.

आता नियमाबद्दल. डायरेक्टरांनी दोन तासांचा आकडा बहुधा २०१५ साली ब्रिटनमध्ये तज्ज्ञांच्या गटाने प्रसिद्ध केलेल्या शिफारशींवरून घेतला असावा. दिवसाच्या कामाच्या वेळात उभे राहणे आणि हलके चालणे-फिरणे मिळून दोन तासांपासून सुरुवात करून पुढे चार तासांपर्यंत जावे, असे त्यात म्हटले आहे. चालणे-फिरणे हे शब्द त्यात आहेत, आणि ही मर्यादा हळूहळू गाठायची आहे. सलग दोन तास एका जागी उभे राहण्याचा त्यात कुठेही उल्लेख नाही. एकाच जागी उभे राहिल्याने कधी कंबर न दुखलेल्या माणसाचीही कंबर दुखू लागते, पोटऱ्यांत रक्त साचते, पाय सुजतात. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात सात हजारांहून अधिक कामगारांचा सुमारे बारा वर्षे मागोवा घेतला गेला, तेव्हा ज्यांचे काम प्रामुख्याने उभ्याचे होते त्यांच्यात हृदयविकाराचे प्रमाण बसून काम करणाऱ्यांपेक्षा अधिक, साधारण दुप्पट, आढळले. सिडनी विद्यापीठातील संशोधकांनी ब्रिटनमधील ८३ हजार प्रौढांच्या नोंदींवरून २०२४ साली दाखवले की नुसते उभे राहण्याने हृदयविकाराचा धोका कमी होत नाही, आणि दिवसाला दोन तासांच्या पुढे उभे राहणे वाढत जाईल तसे पायांच्या फुगलेल्या शिरांसारखे रक्ताभिसरणाचे त्रास वाढतात. गरोदर स्त्रिया, पायांच्या शिरांचा किंवा गुडघ्याचा त्रास असलेले, टाचदुखीने हैराण झालेले, पाळीच्या दिवसांत त्रास होणाऱ्या, या सगळ्यांना आपल्या नियमातून सुटका मिळवण्यासाठी स्वतःच्या आजाराची जाहीर वाच्यता करावी लागेल. कुठल्याही कार्यालयाने हे करू नये.

वजन कमी होईल या आशेने उभे राहणाऱ्यांनाही वेळीच खरे सांगावे. उभ्याने बसण्यापेक्षा मिनिटाला सुमारे ०.१५ कॅलरी अधिक खर्च होतात, म्हणजे ६५ किलो वजनाची व्यक्ती सहा तास उभी राहिली तरी हिशेब पन्नासच्या थोडा पुढे जातो. एका वाटी पोह्यांचाही तो भरपाई करत नाही. ज्यांना वजन घटण्याचे आमिष दाखवून टेबल दिले जाते, ते दोन महिन्यांनी काटा हलला नाही म्हणून बसतात ते कायमचे. टेबलाचा खरा लाभ शरीराची ठेवण दिवसातून अनेकदा बदलता येणे, मान-खांदे-कंबर अवघडण्यापासून वाचणे, दुपारची मरगळ झटकता येणे इतकाच सांगावा. तेवढा खरा आहे आणि तेवढा पुरेसा आहे.

अहवालाच्या बाबतीत माझे मत अधिक कडक आहे. कोण किती वेळ उभा होता हे टेबल सांगू लागले की तेच टेबल कोण किती वेळ जागेवर नव्हता हेही सांगते, आणि हे कर्मचाऱ्यांना न सांगता समजते. त्या दिवसापासून उभे राहणे हजेरीचा भाग बनतो. काहीजण टेबल वर करून कँटीनला जातील आणि अहवालात आदर्श ठरतील. डेन्मार्कमध्ये युरोपीय संघाचे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचे नियम २०१८पासून लागू आहेत, तेव्हा माणसागणिक नोंदी खुद्द कोपनहेगनलाही सहज पाठवता येतील असे मानू नये. संपूर्ण मजल्याची एकत्रित, नावे नसलेली संख्या घ्यायला हरकत नाही, तीही लोकांना आधी सांगून.

मग करावे काय? आधी वायरी, केबल ट्रे, ड्रॉवर युनिट आणि रीसेटचे स्टिकर. यासाठी आयटी सपोर्ट आणि इलेक्ट्रिशियन यांना एका शनिवारी एकत्र बोलवावे. त्यानंतर प्रत्येक कर्मचाऱ्याजवळ त्याच्याच टेबलाशी जाऊन दहा मिनिटे द्यावीत, त्याची बसण्याची आणि उभ्याची उंची लावून ती बटणांत साठवून द्यावी. सभागृहात सर्वांना मिळून प्रेझेंटेशन दाखवण्यापेक्षा या दहा मिनिटांचा उपयोग पुष्कळ अधिक होतो. जिथे जागा ठरलेली नसते आणि रोज मिळेल त्या टेबलावर बसावे लागते, तिथे साठवलेली उंची दुसऱ्याची असते. अशा ठिकाणी प्रत्येकाने आपले दोन आकडे ओळखपत्राच्या मागे लिहून ठेवावेत. सुरुवात पंधरा-वीस मिनिटांनी करावी आणि पाय दुखू लागण्याआधी बसावे, हे स्पष्ट सांगावे. ‘दमलो तर बसलो, म्हणजे हरलो’ अशी भावना होऊ देऊ नये.

यासोबत डायरेक्टरांना एक काम द्यावे. त्यांनी आपल्या केबिनमध्ये नव्हे, तर मजल्यावरच्या एखाद्या टेबलाशी दिवसातून एक फोन उभ्याने घ्यावा. टीम लीडर उभे राहू लागले की बाकीच्यांना परवानगी मागावी लागत नाही. वरिष्ठाचे उभे राहणे आपल्याकडे जितके बोलते, तितके कुठलेही पोस्टर बोलत नाही.

आणखी एक उपाय सुचवतो. तो नेदरलँड्समधील एका सरकारी कार्यालयात करून पाहिलेला आहे. तिथे काही काळ सकाळी लोक येण्यापूर्वी सगळी टेबले उभे राहण्याच्या उंचीवर ठेवली जात. ज्याला बसायचे त्याने खुशाल खाली घ्यावीत. आधी शंभरातले जेमतेम दोन जण उभे दिसत, ते या काळात तेरांच्या आसपास गेले, आणि उपक्रम थांबल्यावर दोन महिन्यांनीही आठाच्या जवळ राहिले. आकडे डोळे दिपवणारे नाहीत, पण सक्ती नाही आणि खर्चही नाही. आपल्याकडे रात्री सफाई करणाऱ्या मंडळींना टेबले वर करूनच जायला सांगता येईल. लादी पुसायलाही ते सोयीचे पडते. मात्र वायरींचे काम पूर्ण झाल्याशिवाय आणि कर्मचाऱ्यांना आधी सांगितल्याशिवाय हे करू नये, नाहीतर पहिल्याच रात्री पाच-सहा मॉनिटर आणि तितकेच गणपती जमिनीवर येतील.

कोपनहेगनला उत्तर लिहिताना वापराचा आकडा एकटा पाठवू नये. किती टेबलांच्या वायरी पुरत नव्हत्या, किती टेबले चालत नव्हती, किती जणांची उंची लावून दिली होती, हे तीन आकडे सोबत द्यावेत आणि तीन महिन्यांनी पुन्हा कळवू असे लिहावे. त्या वेळी मोजायचे तेही ठरवून घ्यावे. किती मिनिटे उभे राहिले यापेक्षा आठवडाभरात निदान काही वेळा टेबलाची उंची कितीजणांनी बदलली, हे माप अधिक प्रामाणिक आहे. जो दिवसभर बसून काम करतो पण दर तासाला उठून पाणी आणायला, शेजारच्या विभागात जायला चालतो, त्याच्या मागे लागू नये. त्याचे बरे चालले आहे.

दुसऱ्या मजल्याची खरेदी या तीन महिन्यांनंतरच करावी, आणि तीही सरसकट नको. ज्यांनी स्वतःहून मागितले त्यांना आधी द्यावी. विक्रेत्याकडून दोन नमुने मागवून घ्यावेत. एकावर आपल्या कार्यालयातील सर्वांत बुटक्या आणि दुसऱ्यावर सर्वांत उंच सहकाऱ्याला आठवडाभर काम करू द्यावे. टेबल सर्वांत खाली किती जाते हे माहितीपत्रकावरून न घेता टेपने मोजावे. दोन टप्प्यांऐवजी तीन टप्प्यांचे, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या तीन नळ्यांचे, पाय असलेली चौकट साठ सेंटिमीटरच्या आसपास उतरू शकते आणि तिची किंमत जास्त असते, पण मागणीपत्रात तीच अट घालावी. उंची साठवणारी बटणे, पुरेशा लांबीच्या वायरी, केबल ट्रे आणि पायाखालची मॅट हे सगळे टेबलाच्या किमतीतच धरून कोटेशन मागवावे. ते वेगळे लावले की मंजुरीच्या वेळी सर्वप्रथम त्याच ओळी खोडल्या जातात.